जडवस्तू संग्रहातला संगणक

मालवण तालुक्यातील एका खाडीकाठच्या वाडीत, जिथे उधाणाच्या भरतीला पाणी शाळेच्या गडग्यापर्यंत येते आणि आषाढ-श्रावणात वर्गाच्या भिंतीला हात लावला तर बोटे ओली होतात, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे, आणि त्या कपाटाच्या तळाशी पावसाळ्याचे चार महिने, वीज असेल तेवढा वेळ, साठ वॅटचा एक पिवळा गोळा जळत असतो. वरच्या कप्प्यांत दोन लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, तीन कळफलक आणि दोऱ्याने बांधलेली तारांची जुडी असते. गोळ्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते, प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी चढत नाही आणि खाऱ्या वाऱ्याने तांब्याचे जोड हिरवे पडत नाहीत. ही युक्ती गुरुजींना कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलेली नाही. मालवणातल्या एका छायाचित्रकाराच्या दुकानात कॅमेऱ्याची भिंगे अशा दिव्याच्या उबेला ठेवलेली त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खिशातून गोळा आणि होल्डर विकत आणला.

गुरुजी मूळचे घाटावरचे. या किनाऱ्यावर येऊन त्यांना बारा वर्षे झाली. मी त्यांना विचारले की या शाळेने हे संगणक कसे निवडले. त्यांनी उत्तर दिले नाही. टेबलाच्या खणातून जडवस्तू संग्रह नोंदवही काढून माझ्यापुढे ठेवली. पहिला संगणक ग्रामपंचायतीच्या निधीतून आला होता. दुसरा वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने, त्यांच्यापैकी एकाच्या कचेरीतून बाद झालेला, गणपतीच्या सुट्टीत एस.टी.च्या टपावर बांधून आणला होता. एक लॅपटॉप एका दानशूर संस्थेचा, दुसरा शासकीय योजनेतला, आणि एक टॅब, ज्याची काच फुटलेली होती, तो कोणाकडून आला याची नोंद पुसट झालेली होती. प्रत्येक नोंदीपुढे दिनांक होता, किंमत होती, पेटीचा रंग होता, पावती क्रमांक होता आणि तत्कालीन मुख्याध्यापकांची सही होती. परंतु त्या यंत्रात कोणती कार्यप्रणाली आहे, तिचा परवाना कोणाच्या नावे आहे, तो किती काळ चालेल, ती मराठी लिहिते की नाही, हे सांगणारा रकाना त्या वहीत नव्हता. प्रत्यक्षात, यंत्रे आली तेव्हा, पाच यंत्रांत चार प्रणाली होत्या: विंडोज एक्सपी, विंडोज सेव्हन, विंडोज टेन आणि अँड्रॉइड. मुलगा एका यंत्रावर शिकलेली वाट दुसऱ्यावर शोधू लागला की त्याला ती सापडत नसे.

त्या न आखलेल्या रकान्याने मला गेले काही महिने स्वस्थ बसू दिलेले नाही. पाठ्यपुस्तक निवडताना आपण समित्या नेमतो, एकेका धड्यावर वर्तमानपत्रांतून वाद घालतो, गणवेशाच्या रंगावर ग्रामसभेत आवाज चढतात. पण मुलाच्या हाताखाली जे यंत्र येणार, ज्याच्या खिडक्यांतून तो जगाकडे पाहणार आणि ज्याच्या सवयी त्याच्या बोटांत आयुष्यभर मुरणार, त्याची निवड कोणत्याही सभेत होत नाही. ती कोणीतरी दात्याने, निविदेने किंवा दुकानदाराने आपल्या सोयीने केलेली असते आणि शाळेच्या वाट्याला केवळ पोच देण्याचे काम येते. मुलांना संगणक मिळाला एवढ्याचेच आपल्याला समाधान वाटत आले, आणि मला वाटते, आपली पहिली चूक तीच.

ही चूक जुनी आहे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' या नावाने शाळांतील संगणक-साक्षरतेची योजना आरंभिली आणि देशभरातील अडीचशेच्या आसपास शाळांत जे यंत्र धाडले ते होते बीबीसी मायक्रो. ब्रिटिश प्रसारण संस्थेने आपल्या देशातल्या सामान्य माणसाला संगणक समजावा म्हणून दूरचित्रवाणीवर मालिका योजली, आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून १९८१ साली हे यंत्र करवून घेतले. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या भ्रमणध्वनीतले एक साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही इतकी. परंतु बटण दाबताच क्षणार्धात पडद्यावर बेसिक भाषेची ओळ उमटत असे आणि यंत्र जणू मुलालाच विचारत असे की, बोल, मी काय करू? तयार आज्ञावलींच्या चित्रांवर बोट ठेवण्याची सोय त्यात नव्हती. जे हवे ते लिहावे लागे. इंग्लंडात ही निवड एका शैक्षणिक कल्पनेतून झाली होती. आपल्याकडे ते यंत्र योजनेबरोबर आले, त्याच्या पुस्तिका इंग्रजीत राहिल्या, शिक्षकांचे प्रशिक्षण तुटपुंजे ठरले, आणि बऱ्याच शाळांत ते काचेच्या कपाटात जाऊन बसले.

पण त्या यंत्राच्या वंशाची कथा इथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बीबीसी मायक्रोच्या यशानंतर एकॉर्नच्या अभियंत्यांनी, सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी, पुढच्या संगणकासाठी एक नवी, साधी, अल्प विजेवर चालणारी प्रक्रियक रचना आखली. तिची पहिली चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये हाती आली. तिचे नाव आर्म. आज मालवणच्या बंदरात जाळी सुकत घालताना पोरांच्या हातात जे भ्रमणध्वनी दिसतात, त्या जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात त्याच रचनेची संतती आहे. शाळेसाठी विचारपूर्वक निवडलेल्या एका यंत्राने साऱ्या जगाच्या खिशातले यंत्र घडवले, ही गोष्ट मला संगणकाच्या इतिहासातली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते.

पुढचा टप्पा निविदांचा. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची केंद्राची शालेय योजना २००४ च्या डिसेंबरात आली आणि महाराष्ट्रात ती 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर राबवली गेली: ठेकेदाराने माध्यमिक शाळेत संगणककक्ष उभारायचा, शिक्षक नेमायचा, पाच वर्षे तो चालवायचा आणि मुदत संपताच सारे शाळेच्या स्वाधीन करायचे. तीन टप्प्यांत सुमारे ८,००० शाळांपर्यंत ही योजना गेली. तिने ग्रामीण मुलांना प्रथमच संगणकाला हात लावू दिला, हे ऋण मी नाकारणार नाही. परंतु करार यंत्रांचा होता, तसाच माणसाच्या मुदतीचाही होता. पाच वर्षे सरली, ठेकेदाराने नेमलेला संगणकशिक्षक घरी गेला, मुंबईच्या आझाद मैदानावर अशा शिक्षकांची आंदोलने झाली, आणि शाळेपाशी उरली ती मुदत संपलेली यंत्रे. पुढे ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार निर्मात्यांनी काढून घेतला, तेव्हा ती बातमी कित्येक शाळांपर्यंत पोहोचलीदेखील नाही. यंत्र सुरू होत होते, एवढे त्यांना पुरेसे होते.

आपला सिंधुदुर्ग जिल्हा या विषयात अगदीच अनभिज्ञ राहिलेला नाही, हे मात्र अभिमानाने नोंदवले पाहिजे. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात डॉ. सुगत मित्रा यांनी आपल्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवला आणि पलीकडच्या झोपडवस्तीतील मुले तो कोणाच्या शिकवणीवाचून कशी शिकतात हे जगाला दाखवले. त्या 'भिंतीतल्या भोका'ची पुढची आवृत्ती जिथे उभी राहिली त्या स्थळांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावे होती. सरकारी शाळांच्या पटांगणात, पावसापासून आडोसा करून, मुलांच्या उंचीला बसतील असे संगणक ठेवले गेले. परिमला इनामदार यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या भागातील मुलांना आठवीच्या संगणक विषयाची परीक्षा द्यायला लावली होती, आणि ज्यांना वर्गात कोणी शिकवले नव्हते ती मुले शिकवलेल्यांच्या फार मागे राहिली नाहीत, असे आढळले. त्या प्रयोगांवर पुढे टीकाही झाली. अनेक ठिकाणचे कक्ष देखभालीवाचून बंद पडले, थोराड मुलांनी धाकट्यांना बाजूला सारले, अशी निरीक्षणे इतर अभ्यासकांनी नोंदवली. मला त्यातून उचलावेसे वाटते ते वेगळे आहे. आमच्या मुलांना बुद्धीची उणीव कधीच नव्हती. २०१२ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात अग्रभागी राहिला आहे. उणीव राहिली ती यंत्र निवडणाऱ्याच्या विचाराची.

दोडामार्ग ओलांडला की गोवा लागतो. या शतकाच्या आरंभी तिथल्या शाळांसाठी परदेशस्थ गोमंतकीयांनी जुने, पण धडधाकट संगणक गोळा करून पाठवायला सुरुवात केली, तेव्हा प्रश्न असा पडला की यंत्र फुकट मिळाले तरी त्यात घालायच्या प्रणालीचा परवाना फुकट मिळत नाही, आणि परवान्याची रक्कम कधीकधी त्या जुन्या यंत्राच्या मोलाहून अधिक होते. तिथल्या तंत्रज्ञांच्या एका गटाने शाळांना ग्नू-लिनक्स ही मुक्त प्रणाली द्यायचे ठरवले. तिची प्रत कोणीही कोणालाही उजळ माथ्याने देऊ शकतो, तिची घडण उघडी असते आणि ती जुन्या यंत्रावरही चालते. आपल्याकडेही दात्याचे संगणक येतात. पण आपल्याकडे ते दुकानात जातात, आणि दुकानदार शंभर-दोनशे रुपयांत परवान्याविना एक प्रत त्यात उतरवून देतो. ज्या शाळेच्या भिंतीवर 'चोरी करू नये' असे सुविचार लिहिलेले असतात, तिथे मुलासमोरचे यंत्रच चोरीच्या प्रतीवर चालते. यात शिक्षकाचा दोष नाही, त्याला दुसरी वाट कोणी दाखवलेली नसते. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक बोचते.

वाट दाखवली ती केरळाने. त्या राज्यात २००१ साली शालेय संगणकशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला तेव्हा पाठ्यपुस्तक एकाच कंपनीच्या आज्ञावलींवर बेतलेले होते. त्याला हरकत घेतली ती शाळेतल्या शिक्षकांच्या संघटनेने. त्यांचे म्हणणे सरळ होते: सरकारी शाळेत मुलाला विद्या शिकवायची असते, कोण्या एका विक्रेत्याचा माल वापरायला शिकवणे हे सरकारी शाळेचे काम नव्हे. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन तिरुवनंतपुरमला आले होते आणि तिथे मुक्त संगणकप्रणालीच्या भारतीय प्रतिष्ठानाची स्थापना झाली होती. त्या वाऱ्याचाही शिक्षकांना आधार मिळाला. पुढे दहावीच्या परीक्षेत माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा आली, आणि २००८ च्या सुमारास ती संपूर्णपणे मुक्त प्रणालीवर होऊ लागली. राज्याने शाळांसाठी स्वतःची लिनक्सची आवृत्ती सिद्ध केली, पुढे ती उबुंटूवर बेतली, तिच्यात भूमितीपासून आवर्तसारणीपर्यंतची साधने घातली, मल्याळम लिपी पहिल्या दिवसापासून चालेल अशी व्यवस्था केली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले. यंत्र बिघडले तर पहिला हात शिक्षकाचा लागावा, दुकानदाराचा नंतर, असा तो शिरस्ता.

केरळाचे उदाहरण दिले की आपल्याकडे लोक म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. मीही तसेच समजत होतो. पण या उदाहरणाचे मर्म मला कुडाळच्या बाजारपेठेत, एका संगणक-दुरुस्तीच्या छोट्या दुकानात उमगले. खाडीकाठच्या गुरुजींनी दोन वर्षांपूर्वी एका जुन्या संगणकात स्वतःच्या हाताने लिनक्स घातले होते, आणि ते सांगायला ते दुकानात गेले असताना मी सोबत होतो. दुकानदार तरुण, मन लावून काम करणारा. विजेच्या लोळाने जळालेले मोडेम त्याच्या फळीवर रांगेने मांडलेले होते. तो गुरुजींचे ऐकून घेत राहिला आणि मग शांतपणे म्हणाला, "गुरुजी, लिनक्स बरा आसा, मी ना म्हणणंय नाय. पण उद्या तुमची बदली झाली काय फुडलो मास्तर ह्योच काम्पुटर माझ्याकडे घेवन येतलो आणि म्हणतलो, विंडोज घालून दी." गुरुजी गप्प राहिले, कारण त्यांच्या आधीच्या शाळेत नेमके तेच घडले होते.

केरळात शिक्षकाची बदली झाली तरी पुढच्या शाळेत तीच प्रणाली, तीच साधने आणि तीच परीक्षा त्याची वाट पाहत असतात. म्हणून तिथली निवड टिकली. आपल्याकडे ती एका शिक्षकाच्या उत्साहावर उभी राहते आणि त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर मोडते. एकेका शाळेने वेगळी निवड करणे म्हणजे खाजणात एकट्याने बांध घालण्यासारखे आहे. निवड व्हायला हवी ती जिल्ह्याच्या पातळीवर. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा हा आपला आटोपशीर जिल्हा. ओरोसच्या मुख्यालयात आठ तालुक्यांचे शिक्षक एका सभागृहात बसवता येतात. त्यांच्यापुढे जिल्ह्यातल्या शाळांतील यंत्रांची मोजदाद ठेवावी, कोणते यंत्र काय पेलते ते पाहावे, आणि एक प्रणाली, एक दुरुस्तीची व्यवस्था आणि एक प्रशिक्षण मुक्रर करावे. ती प्रणाली लिनक्सच असली पाहिजे असा माझा हट्ट नाही. माझी धारणा तशी आहे, पण त्या सभेने पूर्ण विचारांती, परवान्याचे पैसे मोजून विंडोज निवडले, तरी मी ते निवड म्हणून मान्य करीन.

अशी निवड करताना एक जुना प्रयोग आठवावा. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली अमेरिकेतील 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेची हिरवी-पांढरी यंत्रे आली. भारतातला तो पहिला प्रयोग. कळफलक रबराने मढवलेला, पडदा भर उन्हात वाचता येणारा, आतली प्रणाली लिनक्सवर बेतलेली आणि मुलांसाठीच रचलेली. केंद्रीय शिक्षणखात्याने त्याआधीच, २००६ मध्ये, ती योजना देशभर स्वीकारायला नकार दिला होता. ती यंत्रे पुढे वाढली नाहीत. परंतु आमच्या खाऱ्या, दमट हवेचा विचार करून कोणी यंत्र निवडायला बसले, तर त्या बंदिस्त कळफलकापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता ज्या विषयावाचून हा लेख मी लिहायलाच घेतला नसता, त्याकडे येतो. तो विषय मराठी अक्षराचा आहे.

त्या खाडीकाठच्या शाळेत मी पाचवीतल्या एका मुलीच्या मागे उभा होतो. गुरुजींनी लिनक्स घातलेला तो जुना संगणक. कळफलकावर पांढऱ्या शाईच्या लेखणीने गुरुजींनी स्वतः काढलेली देवनागरी अक्षरे, त्यातली काही बोटांच्या घामाने पुसलेली. तिला जिल्ह्याचे नाव लिहायचे होते. स उमटला. मग वेलांटी दाबली, आणि कळ नंतर दाबूनही ती पडद्यावर स च्या आधी जाऊन बसली. मुलगी समाधानाने मान हलवून पुढे गेली. अनुस्वार, ध, उकार, द, उकार. मग हात थबकला. कळफलकावरून एक बोट फिरत राहिले. "गुरुजी, रफार खंय आसा?"

"रफार शोधायचा नाही गं. कानाला काय ऐकू येतं? आधी र म्हणतेस की आधी ग?"

"आदी र."

"मग र घे. त्याचा पाय मोड. आणि पुढं ग घे."

तिने र घेतला, पाय मोडला, ग घेतला, आणि त्याच क्षणी र उडी मारून ग च्या डोक्यावर चढला. 'सिंधुदुर्ग' पुरे झाले. तिने मागे वळून गुरुजींकडे पाहिले तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मला क्षणभर माझ्या पहिल्या पाटी-पेन्सिलीची आठवण झाली.

जिच्यावर ती लिहीत होती ती कळयोजना इनस्क्रिप्ट. सरकारी इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ती १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी प्रमाण म्हणून आखली. तिचे तत्त्व एवढेच की अक्षर जसे उच्चारले जाते त्या क्रमाने लिहावे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, आणि जोडाक्षर हवे तर पाय मोडून. म्हणजे आपल्या आजोबांनी पंतोजींपाशी जी बाराखडी घोकली तिचाच हा कळफलक. त्याउलट टंकलेखन यंत्राच्या जुन्या कळयोजनेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागे आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण तिथे उच्चाराला मान नव्हता, फक्त कागदावरच्या आकृतीला होता. पुढे श्रीलिपी, आकृती अशा टंकांचा काळ आला. शाळेत लिहिलेले पत्र तालुक्याच्या कचेरीत उघडले की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसे, हा अनुभव चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कारकुनाला आणि मुख्याध्यापकाला आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती, परंतु विंडोज एक्सपीवर ती चालू करायला प्रादेशिक भाषांच्या रकान्यात खूण करून मूळ तबकडी घालावी लागे. आणि परवान्याविना प्रत घेतलेल्या शाळेपाशी मूळ तबकडी कुठली असणार? प्रणालीची निवड आणि मातृभाषेची अक्षरे यांचा संबंध इतका जवळचा आहे.

हल्ली दुसरीच अडचण उभी राहिली आहे. भ्रमणध्वनीवर मुले रोमन अक्षरांत शब्द लिहितात आणि यंत्र त्याचे देवनागरी करून देते. सोय मोठी आहे, मीही ती वापरतो. पण ज्या मुलाने र चा पाय कधी मोडला नाही, ज्याच्या लेखी 'दुर्ग' हा शब्द प्रथम परक्या लिपीत जन्मतो आणि मग लिप्यंतरित होऊन येतो, त्याच्या मनात मराठी अक्षराची घडण कशी रुजेल, हा प्रश्न मला झोपू देत नाही. प्राथमिक शाळेच्या प्रत्येक संगणकावर इनस्क्रिप्ट असलाच पाहिजे आणि चौथीच्या आत मुलाने त्यावर आपले नाव, आपल्या आईचे नाव आणि आपल्या गावाचे नाव लिहिलेच पाहिजे, हे जिल्ह्याच्या निवडीतले पहिले कलम असावे.

प्रौढांच्या बाबतीत निवड परीक्षेने केली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची एम.एस.-सी.आय.टी. ही परीक्षा गावोगाव पोहोचली, सरकारी नोकरीशी जोडली गेली, आणि लक्षावधी मराठी माणसांनी आयुष्यातला पहिला माऊस तिच्यासाठी धरला. तिच्या नावातले एम.एस. म्हणजे महाराष्ट्र स्टेट. परंतु अभ्यास विंडोज आणि त्याच कंपनीच्या कार्यालयीन आज्ञावलींभोवती फिरत राहिल्यामुळे ती दोन अक्षरे म्हणजे मायक्रोसॉफ्टच असा समज मी अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे. शिक्षकाला जे येते तेच तो वर्गात नेतो. उलटे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे: अकरावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाच्या नव्या अभ्यासक्रमात हिशेबासाठी ग्नूखाता, चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप, आणि माहितीसाठ्यासाठी पोस्टग्रेस ही सारी मुक्त साधने आहेत. ग्नूखाता तर मुंबईत घडलेले. अकरावीला राज्य मंडळाने जी वाट धरली ती पाचवीला धरायला कोणाची हरकत असेल, असे मला वाटत नाही. फक्त कोणी दरखास्त मांडलेली नाही.

टाळेबंदीच्या काळाविषयी थोडक्यात. मार्च २०२० नंतर शाळेची सारी भिस्त भ्रमणध्वनीवर गेली, त्या ऑगस्टात राज्य शासनाने गूगलच्या वर्गव्यवस्थेशी सहकार्य जाहीर केले, आणि कणकवलीकडच्या एका डोंगरावर, जाळे मिळते म्हणून, भर पावसात झोपडी बांधून अभ्यास करणाऱ्या मुलीची बातमी साऱ्या राज्याने वाचली. पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले आणि गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. जे शिक्षण सर्वस्वी दूरच्या यंत्रावर साठवलेले असते ते अशा दिवसांत नाहीसे होते. दूरच्या यंत्रावर गेलेल्या मुलांच्या माहितीचे काय होते, हा दुसरा प्रश्न. डेन्मार्कच्या हेलसिंगोर शहरात २०२२ च्या जुलैत तिथल्या विदासंरक्षण प्राधिकरणाने शाळांतील क्रोमबुक आणि गूगलच्या सेवा वापरण्यास मनाई केली, ती मुलांची माहिती कोठे जाते याचा हिशेब नगरपालिकेला देता आला नाही म्हणून. मग अटी घालून तो वापर सुरू राहिला. तो प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलेलाही मला आढळला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज टेनचा आधार संपला. विंडोज इलेव्हनसाठी यंत्रात एक सुरक्षा-चिप लागते, जी जुन्या संगणकांत नसते. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून त्यामुळे हजारो सुस्थितीतले संगणक बाद होतील, आणि चाकरमान्यांच्या ओल्या मायेने त्यातले पुष्कळ कोकणच्या शाळांकडे येतील. ते यावेत. त्यांत लिनक्स घातले तर ते आणखी कित्येक वर्षे चालतील. पण जसेच्या तसे आले, तर पाच वर्षांनी ते कोपऱ्यात पडून राहतील. कारण सरकारी शाळेतली वस्तू निर्लेखनाची मंजुरी आल्यावाचून टाकता येत नाही, आणि ती मंजुरी यायला यंत्राच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो. एका शाळेत तर एक वर्गखोली अशा पेट्यांनीच अर्धी भरली आहे, आणि तिसरी-चौथीची मुले त्यामुळे एकत्र बसतात.

यंदाच्या गणपतीत, पाचव्या दिवशीच्या आरतीनंतर, वाडीच्या मंडपात मी होतो. पंचखाद्याचे द्रोण फिरत होते. मुंबईहून आलेले मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद गुरुजींपाशी येऊन बसले. "गुरुजी, आमच्या हापिसातले आठ काम्पुटर निघतले हत. शाळेक व्हये आसले तर सांगा. चतुर्थेचो टेम्पो परत जाताना रिकामोच जाता, दिवाळेक येताना भरून पाठवतंय."

गुरुजी लगेच हो म्हणाले नाहीत. हातातला द्रोण त्यांनी खाली ठेवला. "पाठवा की काका. पण आधी मला थोडं लिहून पाहिजे," ते म्हणाले. यंत्र कोणत्या सालचे, स्मृती किती, आतली चकती जुनी की नवी, प्रणालीचा परवाना यंत्राबरोबर येणार की कचेरीकडे राहणार, आणि दुरुस्तीचे सुटे भाग कोणत्या बनावटीचे. काकांनी खिशातून भ्रमणध्वनी काढला, चष्मा चढवला आणि गुरुजी सांगतील तसतसे एकेक लिहून घेऊ लागले. रोमन अक्षरांत सुरुवात केली होती. शेजारी बसलेल्या पाचवीतल्या त्या मुलीने वाकून पाहिले, कळफलक बदलून दिला आणि 'परवाना' मधला र कुठे आहे ते बोटाने दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडून गुरुजींनी जडवस्तू संग्रह नोंदवही टेबलावर घेतली. 'किंमत' आणि 'शेरा' यांच्या मधली जागा अरुंद होती. त्यांनी फुटपट्टी लावली, पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि नव्या रकान्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत लिहिले: प्रणाली व परवाना.